वहीत नसलेला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लकडगंज या नावातच लाकूड आहे. इतवारीला लागून असलेली नागपूरची ही वस्ती लाकडाच्या व्यापारावर वाढली. पुण्याकडे जिला वखार म्हणतात तिला आम्ही टाल म्हणतो. माझे वडील अशाच एका टालीवर मुनशी होते आणि शाळेला सुट्टी असली की मीही त्यांच्या शेजारी गादीवर जाऊन बसत असे. चंद्रपूर, गडचिरोलीकडून सागाचे ओंडके ट्रकने येत. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याची निशाणी असे, नंबर असे, लांबी आणि गोलाई लिहिलेली असे. सोबत वाहतुकीचा पास. वडील ते सारे वहीत उतरवून घेत. निशाणी नसलेला ओंडका कितीही जातिवंत साग असला तरी तो चोरीचा माल समजायचा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. तो ओंडका खांद्यावरून उतरवणाऱ्या माणसांची नावे मात्र त्या वहीत कधी दिसली नाहीत. लहानपणी याचे नवल वाटले नाही. ते वाटायला २०११ सालचा मे महिना यावा लागला.

त्या आधी एक खुलासा. आज मी ‘स्वयंसेवक’ हा शब्द वारंवार वापरणार आहे. नागपुरात हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्यासमोर एक ठरावीक संघटना उभी राहते. मी तो कोशातल्या साध्या अर्थाने घेतो आहे. पैसे न घेता, कुणी न सांगता, स्वतःहून सेवा करणारा तो स्वयंसेवक. तो दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आलेल्यांना जेवण वाढतो, ताजबागच्या उर्साला पाणी पाजतो, गणपतीच्या विसर्जनात दोर धरून उभा राहतो. आमच्या मोहल्ल्यात तो मय्यतीला खांदाही देतो आणि शेजारच्या गल्लीतल्या काकूंना स्ट्रेचरवरून खालीही उतरवतो.

तर आमची एक समिती होती. तिला धड नावही नव्हते. बारा-पंधरा माणसे, एक चाकांची खुर्ची, मृतदेह ठेवायची एक शीतपेटी आणि उन्हाळ्यात एक पाणपोई, एवढाच संसार. मोहल्ल्यात मराठी अर्ज नीट लिहिता येणारा बी. ए. झालेला माणूस मीच, म्हणून चिटणीस मी. कवी माणूस हिशेबाला बरा नसतो असे सगळे म्हणत होते, तरी पावतीपुस्तकावर सही माझीच असे.

त्या वर्षी पाणपोईसाठी माठ आणि रांजण आणायचे होते. एका ओळखीच्या माणसाचा छोटा हत्ती होता, म्हणजे मालवाहू छोटा टेम्पो. ‘पाण्याच्या कामाचे भाडे घेत नाही,’ असे म्हणून तो स्वतः गाडी घेऊन आला. सोबत आरा मशीनवर काम करणारा बावीस वर्षांचा एक मुलगा गेला. रविवार ही त्याची सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे. केबिनमध्ये तो ड्रायव्हरशेजारी बसला. सेंट्रल अॅव्हेन्यूवर एक गाय आडवी आली, तिला वाचवताना टेम्पो दुभाजकावर चढून कलंडला. माठ फुटले. मुलाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले.

मेयोत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. लोहाची सळई घातली. तो घरातला एकटा कमावता होता आणि आरा मशीनवर पाय धड असल्याशिवाय कुणी उभे करत नाही. महिना झाल्यावर मी विम्याचा विचार करू लागलो. टेम्पोला विमा होता. कागद पाहून वकिलाने मला दोन प्रश्न विचारले. ‘ड्रायव्हरने पोलिसांना काय सांगितले?’ मी म्हणालो, ‘घाबरून त्याने सांगितले की मुलाला मी नुसती लिफ्ट दिली होती.’ वकिलाने दुसरा प्रश्न विचारला, ‘हा मुलगा तुमच्या समितीच्या मालाबरोबर चालला होता, असा एखादा कागद आहे का? चिठ्ठी, यादी, रजिस्टर, काहीही?’

काहीही नव्हते. चौदा माठ आणि चार रांजणांची पावती होती. माणसाची नव्हती.

या प्रश्नामागचा कायदा मला तेव्हा कळला. मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी बसलेला असेल, तर त्याला सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळते. मात्र फुकट बसलेल्या इतर प्रवाशाला ते मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशाराणी खटल्यात २००२ साली स्पष्ट केले. पुढे २००७ मध्ये आणखी एका खटल्यात न्यायालयाने म्हटले की, मालाच्या मालकानेही केबिनमध्ये बसलेले असले पाहिजे, मागे मालावर नव्हे. पूर आला, भूकंप झाला की आपल्याकडची पोरे धान्याच्या पोत्यांवर बसून, घोषणा देत ट्रकने निघतात. छायाचित्र फार सुंदर येते. पण त्या पोत्यांवरच्या एकाही पोराला त्या गाडीचा विमा ओळखत नाही.

आमचा मुलगा केबिनमध्ये होता. ‘अमुक यास समितीचा प्रतिनिधी म्हणून मालासोबत पाठवीत आहोत,’ एवढी एक ओळ माझ्या सहीने त्याच्या खिशात असती, तर निदान न्यायाधिकरणासमोर उभे राहायला जागा मिळाली असती. ती ओळ लिहायला मला अर्धा मिनिट लागला नसता. मी त्या आठवड्यात एक गझल पुरी केली होती, तिला मात्र चार दिवस दिले होते.

आता भरपाई मागायची तर कुणाकडे? विमा कंपनी बाजूला झाली तरी गाडीच्या मालकाची जबाबदारी संपत नाही. म्हणजे जो माणूस भाडे न घेता पाण्याच्या कामाला आला, त्याच्यावरच दावा लावायचा, आणि त्याच्याकडे त्या टेम्पोशिवाय दुसरे काही नाही. मी हे भीत भीत त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, ‘चाचा, त्याची गाडी विकून माझा पाय बरा होणार आहे का? राहू द्या.’ दावा झाला नाही. टालवाल्या एका कच्छी शेठजींनी काही रक्कम दिली, मशिदीत झोळी फिरली, मंदिराच्या मंडळानेही पाकीट पाठवले. पाय जुळला, पण तो थोडा आखूड झाला. आरा मशीनचे काम गेले ते गेलेच.

लोक मला म्हणाले, ‘शायरसाहेब, सगळे किती छान जमून आले पाहा, माणुसकी अजून आहे.’ माणुसकी आहे, मी नाकारत नाही. पण झोळी फिरते ती एकदाच. हाड जुळायला आठ महिने लागतात.

एका गोष्टीचा माझ्या मनावर फार परिणाम झाला. तोच मुलगा त्या दिवशी आरा मशीनवर कामावर असताना जखमी झाला असता, तर १९२३ सालचा कामगार भरपाईचा कायदा त्याच्यासाठी होता. पगार घेतला की कायदा ओळखतो. पगार घेतला नाही की विचारतो, हा कोण?

स्वयंसेवकाच्या बाबतीत कायद्याचे प्रश्न दोन असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. त्याला काही झाले तर कोण भरून देणार, हा एक. त्याच्या हातून दुसऱ्याला काही झाले तर कोण जबाबदार, हा दुसरा. दुसऱ्याचा मासला आम्हाला पुढच्याच उन्हाळ्यात मिळाला. पाणपोईचा हिरव्या जाळीचा मांडव वादळात आडवा झाला आणि बांबू एका उभ्या मोटारसायकलवर पडला. वकिलाची नोटीस आली, ती समितीला नव्हे, माझ्या नावाने. कारण सोपे होते. नोंदणी नसलेल्या समितीला कायद्याच्या लेखी स्वतंत्र अस्तित्वच नसते. ज्याने काम केले किंवा करवून घेतले, तो जातीने उत्तरदायी. मांडव बांधणारी दोन पोरे मला म्हणाली, ‘चाचा, आम्ही तर सवाब कमवायला आलो होतो, हे काय निघाले?’ मी मोटारसायकलच्या टाकीचे पैसे दिले. तिथे गाडीऐवजी माणूस असता, तर काय झाले असते याचा विचार करून मला बरेच दिवस झोप लागली नाही.

संस्था नोंदणीकृत असली तर ती आपल्या माणसाच्या कामाला उत्तरदायी ठरू शकते. याचे एक जुने उदाहरण आपल्याच रस्त्यावरचे आहे. १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी एक मोटार झाडावर आदळली. रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीचा व्यवस्थापक ती चालवत होता आणि सोबत घेतलेला एक गृहस्थ त्यात दगावला. कंपनी म्हणे, आमचा काय संबंध, लिफ्ट त्याने दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ठरवले की, व्यवस्थापक कंपनीच्या कामावर होता, तेव्हा कंपनी जबाबदार. विमा कंपनीवर मात्र पॉलिसीत लिहिलेल्या १५ हजार रुपयांपुरताच बोजा पडला. त्या विधवेला सोळा-सतरा वर्षे थांबावे लागले. स्वयंसेवक संस्थेच्या कामावर गाडी चालवत असेल तर वकील हेच सूत्र संस्थेला लावू पाहतात. म्हणून ज्या संस्थांकडे रुग्णवाहिका आहे त्यांनी चालकाचा परवाना आणि गाडीचा विमा दर वर्षी डोळ्यांनी पाहावा. ‘सेवेची गाडी आहे’ हा बचाव कोर्टात चालत नाही.

इथे कुणी म्हणेल, मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे, वर्तमानपत्रात वाचले आहे. खरे आहे, आणि तो कायदा चांगला आहे. आधी सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. पुढे आमचे नागपूरचे खासदार नितीन गडकरी केंद्रीय परिवहनमंत्री असताना २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आणि ते १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. रस्त्यावर अपघात झाला, तुम्ही चांगल्या हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला उचलले, दवाखान्यात नेले, आणि तुमच्या हातून काही चूक होऊन त्याला इजा झाली किंवा तो दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही. पोलीस किंवा दवाखाना तुम्हाला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. या मदतगाराला सरकारने २०२१ मध्ये ५ हजार रुपयांचे बक्षीसही ठेवले आणि २०२५ मध्ये ते २५ हजार केले.

पण हे कलम कुणासाठी आहे ते नीट ऐका. ते रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूसाठी आहे, मोटार अपघातापुरते आहे. दर गुरुवारी न चुकता येऊन खिचडी वाढणाऱ्यासाठी ते नाही. वाटसरूला नाव न सांगण्याचा हक्क आहे आणि त्या हक्कातच त्याची सुरक्षितता आहे. नेमाने येणाऱ्या स्वयंसेवकाचे नेमके उलटे आहे. त्याचे नाव कुठेतरी लिहिलेले असण्यातच त्याची सुरक्षितता आहे. हा फरक मला समजायला फार वर्षे लागली, म्हणून तो आज मुद्दाम सांगतो आहे.

फौजदारी कायद्यातही चांगल्या हेतूला जागा आहे. भारतीय दंड संहितेचे जुने ९२ वे कलम होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३० वे कलम झाले. माणूस बेशुद्ध आहे, संमती देऊ शकत नाही, आणि त्याच्या भल्यासाठी तुम्ही काही केले, तर तो गुन्हा नाही. मात्र याच कायद्यात ‘चांगला हेतू’ या शब्दांची व्याख्या मोठी कडक आहे. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेले काम चांगल्या हेतूने केले असे म्हणताच येत नाही. मनात प्रेम होते, एवढे पुरत नाही. शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंत होती, ती नव्या संहितेत पाच वर्षांपर्यंत झाली आहे.

खाऊ घालणाऱ्यांसाठीही एक सूचना. अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्न व्यवसाय’ याची जी व्याख्या आहे, तीत नफ्यासाठी असो वा नसो, असे शब्द आहेत. लंगर, भंडारा, महाप्रसाद करणाऱ्यांनी हे शब्द लक्षात ठेवावेत.

आता सरकार स्वयंसेवकाला ओळखते तरी केव्हा? जेव्हा सरकारने त्याला बोलावलेले असते. हे जुने आहे. चीनच्या आक्रमणाच्या वेळी, १९६२ साली, आणीबाणीतल्या जखमांबद्दल साहाय्य देणारा कायदा झाला, त्यात नागरी संरक्षण दलाच्या स्वयंसेवकाचा स्पष्ट उल्लेख होता. अशा स्वयंसेवकांना शिकवणारी देशातली मोठी संस्था १९५७ पासून आपल्या नागपुरातच उभी राहिली, हे अनेक नागपूरकरांना ठाऊक नसते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ७३ वे कलम सरकारच्या किंवा प्राधिकरणाच्या वतीने चांगल्या हेतूने काम करणाऱ्याला खटल्यापासून वाचवते. ‘आपदा मित्र’ योजनेत निवडलेल्या तरुणांना प्रशिक्षण मिळते, साहित्य मिळते, विमाही मिळतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांची नावे यादीत आहेत.

कोविडच्या काळात हे अगदी उघडे पडले. मार्च २०२० मध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले. त्यात स्वयंसेवक हा शब्दही होता. पण त्याच्या आजूबाजूची वाक्ये वाचली तर कळत होते की, सरकारने किंवा सरकारी रुग्णालयाने मागणी करून कामावर घेतलेला स्वयंसेवक. त्या दिवसांत अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या कार्यकर्त्यांनी ज्यांना हात लावायला नातेवाईक धजत नव्हते अशा मृतदेहांचे अंत्यसंस्कार केले, हिंदूंचे हिंदू रीतीने केले. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या समितीच्या सात पोरांनीही मय्यती उचलल्या. मी त्या योजनेचा कागद घेऊन बसलो होतो आणि ‘मागणी’ हा शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतो. आम्हाला फोन येत होते. पत्र कुणाचेच आले नव्हते. सातांपैकी एकजण नऊ दिवस ऑक्सिजनवर होता आणि परत आला. तो आला नसता तर त्याच्या आईला मी कोणता कागद दाखवणार होतो?

या शब्दावर पुढे खटलाही झाला. नवी मुंबईतले एक खासगी डॉक्टर दवाखाना सुरू ठेवून असताना कोविडने गेले. त्यांना रीतसर मागणीपत्र नव्हते म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पत्नीचा दावा मान्य केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये वेगळा निकाल दिला. त्या काळातले कायदे, आदेश आणि परिस्थिती पाहता डॉक्टरांच्या सेवेची मागणी झालीच होती असे समजावे लागेल, प्रत्येकाच्या हातात पत्र असण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र कोविडच्या कर्तव्यावर असताना मृत्यू आला याचा पुरावा दावेदाराने द्यायचाच आहे. न्यायालय उदार झाले. पण त्यासाठी त्या घराला साडेपाच वर्षे वाट पाहावी लागली.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते फार महागही नाहीत. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाच्या गणपतीचा विमा दर वर्षी बातमीत येतो. २०२४ साली तो ४०० कोटी ५८ लाखांचा होता. लोक त्या आकड्याकडे पाहून मूर्तीच्या सोन्याबद्दल बोलतात. पण सोन्याचांदीचा वाटा होता ४३ कोटी १५ लाखांचा, आणि ३२५ कोटी होते स्वयंसेवक, पुजारी, आचारी, पादत्राणे सांभाळणारे, सुरक्षारक्षक यांच्या अपघात विम्याचे. आणखी ३० कोटी होते मंडपात येणाऱ्या लोकांना इजा झाल्यास द्यावयाच्या भरपाईसाठी. हे संरक्षणाच्या रकमांचे आकडे आहेत, हप्ता त्यामानाने अगदी लहान असतो. मला त्या यादीतला पादत्राणे सांभाळणारा माणूस फार आवडला. कुणीतरी बसून त्याची आठवण ठेवली होती.

गोविंदांचेही तसेच. दहीहंडीत पडून मेलेल्या, अपंग झालेल्या मुलांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या, तेव्हा कुठे राज्य सरकारने २०२३ मध्ये ५० हजार गोविंदांचा विमा उतरवला, माणशी ७५ रुपये हप्त्याने. मृत्यूसाठी १० लाखांचे संरक्षण. २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखावर नेली. दीड लाख गोविंदांना जे मिळते ते पाणपोईवाल्याला आणि शववाहिनीवाल्याला का मिळू नये, असा प्रश्न मी एका पुढाऱ्याला विचारला. तो हसून म्हणाला, ‘कविराज, तुमच्या पाणपोईला गर्दी किती असते?’ त्याच वर्षी, जुलैमध्ये, महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांसाठी १० लाखांच्या अपघात विम्याची आणि ओळखपत्राची घोषणा केली. सापाला घाबरतात म्हणून का होईना, सर्पमित्राची आठवण झाली.

आम्ही काय केले ते सांगतो. सात माणसे असली की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदता येते, आणि महाराष्ट्रात तिची नोंद धर्मादाय कार्यालयातही होते. बारा जणांच्या सह्या गोळा करायला मला पाच महिने लागले. मग प्रत्येकाला बँकेत पाठवून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून घेतला. २०१५ साली ती सुरू झाली तेव्हा वर्षाला १२ रुपये होते, २०२२ पासून २० आहेत. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आले तर दोन लाख, अंशतः कायमचे अपंगत्व आले तर एक लाख. वय १८ ते ७०. मे अखेर खात्यात २० रुपये नसले तर विमा संपतो, म्हणून मे महिन्यात मी सगळ्यांना फोन करतो आणि शिव्या खातो. पण या योजनेतून मोडलेल्या आणि जुळलेल्या हाडाला एक पैसा मिळत नाही. आमच्या त्या मुलाला तो असता तरी काही मिळाले नसते. त्यासाठी गट अपघात विमा लागतो, ज्यात दवाखान्याचा खर्च आणि कामावर जाता येत नाही त्या आठवड्यांची भरपाई जोडून घेता येते. एजंटकडून हे दोन शब्द लिहून घ्यावेत, नाहीतर स्वस्त पॉलिसीत ते गाळलेले असतात. आणि ‘पब्लिक लायबिलिटी’ या नावाचा १९९१ चा एक कायदा आहे, तो भोपाळनंतर आलेला, घातक रसायनांपुरता आहे. मंडपाचा, पाणपोईचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्याला स्वतंत्र पॉलिसीच घ्यावी लागते.

अमेरिकेत १९९७ पासून स्वयंसेवक संरक्षण कायदा आहे, असे सांगून काही मंडळी आपल्याकडेही तसाच हवा म्हणतात. जरूर हवा. पण तो कायदा स्वयंसेवकाला वाचवतो, संस्थेला नाही, आणि गाडी चालवताना घडलेल्या अपघाताला तो लागूच होत नाही. म्हणजे आमचा छोटा हत्ती तिथेही बाहेरच राहिला असता.

सगळ्यात अवघड गेले ते नावे लिहून घेणे. आपल्याकडे दान आणि सेवा लपवून करायची असते. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, हे आमच्याही घरात शिकवतात आणि शेजारच्या जोशीकाकांच्याही. रजिस्टर समोर ठेवले की म्हातारे म्हणत, ‘बेटा, वर लिहिणारा लिहितो आहे, तू कशाला लिहितोस?’ एकाने तर रागाने विचारले, ‘सवाबाचा हिशेब तू ठेवणार का?’ मी सांगत असे, सवाबाची वही वेगळी आहे, ती माझ्याकडे नाही. ही वही विमा कंपनीसाठी आहे. तिच्यात नाव, वय, पत्ता, आज कुठल्या कामाला पाठवले ते, आणि वारसाचे नाव. वारसाच्या रकान्यापाशी तरुण पोरे अडतात, हसतात, मग आईचे नाव लिहितात.

हे रजिस्टर आता तोच मुलगा सांभाळतो, ज्याचा पाय आखूड आहे. म्हणजे आता मुलगा कसला, त्याला दोन मुली आहेत. एका टालीवर तो राखणदारी करतो आणि संध्याकाळी समितीच्या खोलीत बसतो. गाडी निघण्याआधी चिठ्ठी लिहून सही घेतल्याशिवाय तो किल्ली देत नाही. मागे मालावर कुणी चढले की खाली उतरवतो. लोक कुरकुरतात. मीही एकदा कुरकुरलो होतो. त्याने माझ्याकडे नुसते पाहिले.

एक काम मात्र अजून अर्धे आहे. मोहल्ल्यातल्या बायका गेल्या की त्यांना गुसल देणाऱ्या, म्हणजे अखेरचे स्नान घालणाऱ्या, अकरा बायका आमच्याकडे आहेत. कोविडमध्येही त्या थांबल्या नव्हत्या. रात्री दोनला बोलावले तरी येतात, ओल्या फरशीवर घसरतात, जड देह उचलून त्यांच्या कमरा गेल्या आहेत. त्यांची नावे यादीत घालायला घरचे पुरुष तयार नाहीत, आणि काहींची बँकेत खातीच नाहीत. गेल्या रमजानपासून माझी बायको घरोघर जाऊन बसते आहे. आजपर्यंत अकरांपैकी चौघींची नावे वहीत आली आहेत.